बाळ चौदा महिन्यांचं असताना कमर्शियलमधलं कोणतं टेबल घ्यावं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वय ३२, बी.कॉम. आणि एमबीए, चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत कमर्शियलमध्ये, म्हणजे ग्राहकांचे दर, करार, बिलं आणि वसुली बघणाऱ्या विभागात, सात वर्षं झाली, सध्या असिस्टंट मॅनेजर. मुलगा १४ महिन्यांचा. राहायला मोशी, नवरा हिंजवडीला आयटीत, सासूबाई इस्लामपूरहून येऊन-जाऊन. साहेब म्हणतात, "दोन-तीन वर्षं डिस्पॅच-बिलिंगला बस, शांत टेबल आहे. मुलगा शाळेत जायला लागला की परत प्रायसिंगला घेऊ." ते नको असेल तर आहेत ते तीन ग्राहक, त्यांचे दर, करार, वसुली, आणि महिन्यातून दोन-तीनदा चेन्नई नाहीतर गुरुग्राम. तू विचारतेस की शांत टेबल घेऊन तीन वर्षांनी परत येता येतं का, आणि पुढे कमर्शियल मॅनेजर व्हायचं असेल तर लहान मूल असताना ते जमतं का.

तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. माझ्या टीममधल्या मुली तुझ्याच वयाच्या आहेत. मी १९९८ मध्ये भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये बिलं टाइप करायला लागले, आणि आज चाकणलाच एका फोर्जिंग कंपनीचं कमर्शियल बघते. दोन मुली, एक २००५ची, एक २०१०ची. म्हणजे तुझ्या जागी मी दोनदा बसलेली आहे. पहिल्यांदा चुकीच्या टेबलावर, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी बरोबर.

माझं उत्तर: डिस्पॅच घेऊ नकोस. आणि तीन ग्राहकही ठेवू नकोस. एकच ठेव, पण तो पूर्ण ठेव.

आधी त्या 'शांत' टेबलाबद्दल. साहेबांनी ते मनापासून सुचवलं असेल, पण ते स्वतः तिथे कधी बसलेले दिसत नाहीत. महिन्याच्या २८ ते ३१ तारखेला डिस्पॅचला काय चालतं ते तुला माहीत आहे. प्रॉडक्शन महिनाभर रेंगाळतं आणि शेवटच्या तीन दिवसांत सगळा माल बाहेर काढतं. ई-इन्व्हॉइसचा आयआरएन (सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नंबर) आला नाही तर गाडी हलत नाही, ग्राहकाच्या पोर्टलवर एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) टाकला नाही तर त्यांच्या गेटवर गाडी आत घेत नाहीत, आणि दोन्ही पोर्टलं नेमकी त्याच संध्याकाळी लटकतात. होसूरला निघालेला ट्रक चित्रदुर्गजवळ रात्री बंद पडला तर ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या ऑनलाइन वाहतूक-पत्राची, मुदत कोण वाढवणार? मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते. ड्रायव्हर ट्रान्सपोर्टरला फोन करतो, ट्रान्सपोर्टर तुला. वेळ रात्री दीडची. मग जीएसटीच्या तारखा: ११ तारखेला विक्रीचं जीएसटीआर-१, १४ला खरेदीवरच्या क्रेडिटचं २बी, २० तारखेला कर भरायचं ३बी. रिटर्न भरतात अकाउंट्सवाले, पण "हे बिल का जुळत नाही" म्हणून विचारायला येतात बिलिंगलाच.

तेव्हा वेळेच्या दृष्टीने ते टेबल शांत नाही. शांत आहे ते एका वेगळ्याच अर्थाने. तिथे तुला कुणी काही ठरवायला सांगत नाही. आणि खरा धोका तिथेच आहे.

माझी पहिली मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची होती. परत आले ती फेब्रुवारी २००६ मध्ये, आणि तेव्हाच्या साहेबांनी अगदी काळजीने मला सी-फॉर्मला बसवलं. तुझ्या पिढीला सी-फॉर्म ठाऊक नसेल. जीएसटीच्या आधी परराज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. ग्राहकाने सी-फॉर्म दिला तर ४ टक्के, पुढे २००७ मध्ये ३ आणि २००८ मध्ये २ टक्के. फॉर्म आला नाही तर पूर्ण दराने कर आणि फरकावर व्याज, तेही आपल्या खिशातून. म्हणून दर तिमाहीला देशभरातल्या ग्राहकांच्या मागे लागून ते फॉर्म गोळा करायचे. मी त्यात पटाईत झाले. कोणत्या कंपनीत कोणता क्लार्क फॉर्म दाबून ठेवतो, त्याच्या मुलाची परीक्षा कधी असते, सगळं मला तोंडपाठ. दोन वर्षांत बाकी फॉर्मची यादी चार पानांवरून अर्ध्या पानावर आणली. साहेब खूश, मी साडेपाचच्या बसने घरी.

त्या दोन वर्षांत माझ्याबरोबर लागलेल्या मुलाने दोन ग्राहकांचे वार्षिक दर ठरवले, एक टूलिंगचा (भाग बनवायला लागणाऱ्या साच्यांचा) करार केला, एका डेबिट नोटवरून (ग्राहकाने पैसे कापल्याच्या चिठ्ठीवरून) ग्राहकाशी भांडून पैसे परत आणले. २००८ला प्रमोशन त्याला मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. माझ्या दोन वर्षांचं पुढे काय झालं? १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि आमच्यासारख्यांच्या धंद्यातून सी-फॉर्म गेला. ती सगळी हुशारी एका रात्रीत रद्दीत.

हे तुला एवढ्यासाठी सांगतेय की कमर्शियलमध्ये दोन तऱ्हेचं ज्ञान असतं. एक फॉर्मचं, पोर्टलचं, तारखांचं. ते लागतंच, पण सरकारने नियम बदलला की कोरी पाटी. दुसरं दराचं आणि कराराचं: माल कशाने महागतो, जोखीम कोणाच्या गळ्यात आहे, समोरचा कुठे वाकेल. भारतीय करार कायदा १८७२चा आहे आणि लिक्विडेटेड डॅमेजेसवर, म्हणजे करारात आधीच ठरवलेल्या नुकसानभरपाईवर, भांडताना मी आजही त्याच्या कलम ७४ पाशीच येते. डिस्पॅचला तीन वर्षं बसलीस तर पहिलं ज्ञान भरपूर वाढेल आणि दुसरं गंजेल. "तीन वर्षांनी परत घेऊ" म्हणणारे साहेब तीन वर्षांनी त्या खुर्चीत असतील याची काही खात्री नाही. माझे नव्हते.

आता एक ग्राहक पूर्ण म्हणजे काय. त्याचा दर, त्याचा करार, रॉ मटेरियलचं तिमाही सेटलमेंट (स्टीलचा भाव बदलला की दर तिमाहीला करायचा फरकाचा हिशेब), टूलिंगचे पैसे, डेबिट नोटा, वसुली, सगळं तुझ्याकडे. भाग वाटून घ्यायचे नाहीत. "दर साहेब बघतील, फॉलोअप तू कर" असं कुणी म्हटलं तर ते डिस्पॅचचंच टेबल आहे, फक्त खुर्ची दुसऱ्या खोलीत.

२००८ मध्ये मी साहेबांकडे गेले आणि एक ग्राहक मागितला. त्यांनी दिला तो सगळ्यात कटकटीचा, कारण तो कुणालाच नको होता. त्याचा एक भाग आम्ही फोर्ज करून (तापवून, ठोकून घडवून) मशीन करून द्यायचो. हिशेब कळावा म्हणून आकडे गोल करून सांगते. स्टीलचं इनपुट वजन ३.२ किलो, तयार भाग २.३ किलो, म्हणजे ०.९ किलो स्क्रॅप. दर ठरवताना ग्राहक त्या ०.९ किलोचे पैसे वजा करतो, कारण स्क्रॅप आपण विकतो. त्याच्या कॉस्ट शीटवर स्क्रॅपचा दर २८ रुपये किलो धरलेला. म्हणजे भागामागे २५ रुपये २० पैसे वजा. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं.

त्या दिवसांत मी दुपारी चारला पाळणाघरात फोन करायला बाहेर यायचे, कारण ऑफिसमध्ये रेंज यायची नाही. उभी राहायचे ती स्क्रॅप यार्डाच्या वजनकाट्यापाशी. एके दिवशी भंगारवाल्याची गाडी काट्यावर होती आणि तो दोन वेगवेगळ्या पावत्या करून घेत होता. विचारलं, दोन का? म्हणाला, "ताई, फ्लॅशचा दर वेगळा, टर्निंगचा वेगळा. टर्निंगला कूलंट असतं, ते वजनात धरून पैसे कोण देणार?" आमच्या ०.९ किलोपैकी ०.४ किलो फ्लॅश (घडवताना कडेने बाहेर येणारं स्टील) होता आणि ०.५ किलो टर्निंग (मशीनवर निघणारा कीस). फ्लॅशला २८ मिळायचे, टर्निंगला २०. म्हणजे हातात पडत होते २१ रुपये २० पैसे आणि ग्राहक वजा करत होता २५ रुपये २० पैसे. भागामागे ४ रुपये हवेत विरत होते. महिन्याला १२,००० भाग, म्हणजे ४८,००० रुपये, वर्षाला ५ लाख ७६ हजार. आणि इकडे आम्ही वार्षिक कॉस्ट डाउनच्या (ग्राहक दरवर्षी मागतो त्या दरकपातीच्या) बैठकीत अर्ध्या टक्क्यावरून घसा कोरडा करत होतो.

सहा महिन्यांच्या काटा-पावत्या घेऊन मी ग्राहकाकडे गेले. त्यांचा बायर चांगला माणूस होता, पण मागचं एक पैसाही देणार नाही म्हणाला. पुढच्या तिमाहीपासून स्क्रॅपचे दोन दर धरायला मात्र तयार झाला. तीन ग्राहक सांभाळत असते तर मी त्या काट्यापाशी दोन मिनिटं उभी राहिले नसते. बाकीची मुलं राहत नव्हती, त्यांना वेळच नव्हता. त्या वर्षी माझ्याकडे विक्री सगळ्यात कमी होती, पण साहेबांनी मालकांपुढे नाव घेतलं ते माझं.

कोणता ग्राहक निवडायचा हाही प्रश्न आहे. सगळे सांगतील, जवळचा घे, वाळूज नाहीतर नाशिकचा, सकाळी जाऊन रात्री परत. पण आधी बघ की दराचा निर्णय कुठे होतो. प्लांट वाळूजला असेल आणि सोर्सिंगवाले (कुणाकडून, काय दराने घ्यायचं ते ठरवणारे) गुरुग्रामला, तर वाळूजला तुझ्या वाट्याला फक्त लाइन रिजेक्शन (त्यांच्या लाइनवर नाकारलेला माल) आणि डेबिट नोटा येतील. त्यापेक्षा चेन्नईचा ग्राहक बरा, जिथे दोन महिन्यांतून एकदा जायचं पण समोर निर्णय घेणारा माणूस बसतो. बाकी वेळ व्हिडिओ कॉल. २०२०नंतर बायरही त्याला सरावलेत, तिमाही सेटलमेंट तर सरळ स्क्रीनवर होतं. वार्षिक दराची बैठक तेवढी प्रत्यक्ष कर. भाव कमी करायला सांगून समोरचा माणूस गप्प बसतो, ती शांतता स्क्रीनवर कळत नाही.

प्रवासाची मर्यादा साहेबांना आकड्यात सांग. "जास्त प्रवास नको" म्हटलं की ऐकणारा शून्य ऐकतो. "महिन्याला एक मुक्काम, तारीख दहा दिवस आधी" म्हटलं की त्याला नियोजन करता येतं.

साहेबांशी बोलताना मुलाचा विषय फार लांबवू नकोस. मी असं म्हटलं होतं: "साहेब, सी-फॉर्म नको. एक ग्राहक पूर्ण द्या. वर्षभरात त्याची ६० दिवसांपलीकडची थकबाकी निम्म्यावर आणते आणि सेटलमेंटचा अनुशेष संपवते. जमलं नाही तर मग कुठेही बसवा." या बोलण्यात एक आकडा आहे, एक मुदत आहे, आणि त्यांच्यासाठी सुटकेची वाटही आहे. मात्र जाण्याआधी एजिंग रिपोर्ट (कोणती थकबाकी किती जुनी त्याची यादी) काढून बघ की थकबाकी खरंच वसूल होण्यासारखी आहे का. माझ्या पहिल्या यादीतली निम्मी रक्कम आम्ही ग्राहकाच्या नावे टाकलेल्या आणि त्याने कधी मान्यच न केलेल्या डेबिट नोटांची निघाली. तोंडावर पडले होते.

कायद्याने तुला काय मिळतं ते माहीत असू दे, पण त्यावर फार भिस्त नको. २०१७च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे, ती तू घेतलीच असशील. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन ब्रेक. तुझा एकच महिना उरलाय. रजेनंतर घरून काम, तेही कामाचं स्वरूप तसं असेल आणि कंपनीशी ठरलं तरच. कमर्शियलचं बरंचसं काम तसं आहे: कॉस्ट शीट, कराराचं वाचन, सेटलमेंटचा हिशेब. आठवड्यातून एक दिवस माग, आणि तो मंगळवार किंवा बुधवार असू दे. सोमवार किंवा शुक्रवार मागितलास की लांब वीकेंड घेतेय असंच सगळ्यांना वाटतं. नवऱ्याचं म्हणशील तर केंद्र सरकारी पुरुषांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे; खाजगीत कायद्याने काही नाही, त्याच्या कंपनीची पॉलिसी असेल तेवढंच. ती त्याने वाचलीय का, विचार. आमच्याकडे एकाने मूल दोन वर्षांचं झाल्यावर वाचली.

घराबद्दल आता जरा लांबच लिहिते, कारण खरी गाडी तिथेच अडते.

परचेसवाल्यांना आपण कायम सांगतो की एकाच सप्लायरवर अवलंबून राहू नका. आणि घरी? धाकटीच्या वेळी माझ्या सासूबाई हा माझा सिंगल सोर्स होता. चार वर्षं एकही खाडा नाही. मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं ठरली, महिन्याच्या अंतराने, आणि माझ्या लक्षात आलं की धाकटीला दिवसभर सांभाळेल असं दुसरं कुणीच नाही. त्या महिन्यात मी अकरा रजा काढल्या. त्यानंतर धाकटीला पाळणाघरात घातलं, सासूबाई घरी असतानासुद्धा. त्यांना आधी वाईट वाटलं. आठवड्याभराने दुपारी भजनाला जायला लागल्या आणि म्हणाल्या, "हे आधीच का नाही सुचलं तुला?" तुझ्या सासूबाई इस्लामपूरहून येऊन-जाऊन आहेत, म्हणजे तुझा सोर्स मुळातच अर्धा आहे. पाळणाघर हा मुख्य सोर्स आणि आजी हा आधार. उलटं करू नकोस.

पाळणाघर घराजवळ की कंपनीजवळ? घराजवळ. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी गाडी अडकली की तू अडकतेस, मुलगा नाही. आणि नवरा हिंजवडीहून आधी पोचला तर तो घेऊन येऊ शकतो. कंपनीजवळ ठेवलंस की आणणं-नेणं कायमचं तुझंच.

आमच्या घरातली एक गोष्ट लोकांना विचित्र वाटायची. भोसरी-चिंचवड पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, तशी मलाही होती. नवऱ्याचं ऑफिस रविवारी बंद. नातेवाईक हळहळायचे, पोरींना आई-बाप एकत्र कधी दिसतच नाहीत. पण त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस कुणीतरी एक पूर्णवेळ घरी असायचं. लस, डॉक्टर, शाळेतलं काम, सगळं गुरुवारी माझ्याकडे. आणि रविवारी मी कामावर गेल्यामुळे नवऱ्याला दोन्ही पोरींचं जेवण, आंघोळ, वेण्या सगळं यायला लागलं. वेण्या तिरक्या असायच्या, पण असायच्या. दोघांची सुट्टी एकाच दिवशी असती तर तो आयुष्यभर "काही लागलं तर सांग" म्हणत बसला असता.

आजारपणाचं आधीच ठरवा. ताप आल्यावर सकाळी साडेसातला "आज तू की मी" हे भांडण दोघांचंही डोकं तापवतं. आमचं ठरलेलं होतं: पहिला दिवस त्याचा, दुसरा माझा. पण २६ ते १ तारखेपर्यंत सगळे त्याचे, आणि त्याच्या तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात सगळे माझे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लाल पेनाने लिहिलेलं असायचं. मार्चमध्ये दोघांच्याही तारखा एकमेकांवर यायच्या. मग माझी आई सांगलीहून २० मार्चला यायची आणि मार्चअखेर उरकली की जायची. तिचं तिकीट जानेवारीत काढायचे.

एक चूक सांगते, तुझ्या उपयोगाची आहे. २०११ची गोष्ट, धाकटी सव्वा वर्षाची, अंगात १०२ ताप. त्या रात्री साडेअकराला मी घरी एका एक्स्पोर्टचे एलसीचे (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची बँकेची हमी) कागद पूर्ण केले. एलसीत वेगळी मुदत नसेल तर माल बोटीवर चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत द्यायचे असतात. माझा अठरावा दिवस होता. एलसीत मालाचं वर्णन होतं 'फोर्ज्ड फ्लँजेस, मशीन्ड' आणि मी इन्व्हॉइसवर टाकलं 'मशीन्ड फोर्जिंग्ज', आमच्या नेहमीच्या बिलासारखं. माल तोच. पण इन्व्हॉइसवरचं वर्णन एलसीशी जुळायलाच हवं, बँक माल बघत नाही, कागद बघते. डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदातली तफावत, निघाली. दुरुस्त करून पुन्हा द्यायला दिवसच उरले नव्हते. ग्राहकाने मान्य केलं, पण त्यात १९ दिवस गेले, डिस्क्रेपन्सीचे पैसे कापले गेले ते वेगळेच, आणि इकडे पॅकिंग क्रेडिटचं (एक्स्पोर्टसाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचं) व्याज चालू.

ऑफिसात सगळे म्हणाले, बिचारी, मुलगी आजारी होती. मलाही ते कारण सोयीचं वाटलं. पण मुलीचा ताप हे कारण नव्हतं. ते कागद मी नवव्या-दहाव्या दिवशीच द्यायला हवे होते, म्हणजे चूक निघाली तरी सुधारून परत देता आले असते. आणि बनवणारी मी, तपासणारी मीच. त्यानंतर नियम केला: एलसीचा कागद बनवणारा आणि तपासणारा कधीच एक नसेल, आणि दहाव्या दिवसानंतर माझ्या टेबलावर एकही एलसी नसेल. एक्स्पोर्टच्या पोराला तपासायला शिकवलं. सुरुवातीला तो माझ्या चुका काढून गालातल्या गालात हसायचा. काढ म्हटलं. लहान मूल असलेल्या माणसाने शेवटच्या दिवसाचं काम हातात ठेवूच नये. मुदतीतले आधीचे दिवस आपल्या हातात असतात, शेवटचा दिवस मुलाच्या हातात असतो.

शिकण्याबद्दल विचारलंस. सीएमए (कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा) आत्ता सुरू करू नकोस. मी धाकटी चार वर्षांची असताना इंटरला बसले आणि एक ग्रुप सोडून दिला. पैसे गेले, वर चिडचिड. त्याऐवजी तुमच्याच कंपनीचे ग्राहकांबरोबरचे करार काढ आणि रोज रात्री दोन पानं वाच. टूलिंग कोणाच्या मालकीचं? टूलचे पैसे एक लाख भागांवर वाटून दरात घेतले असतील तर एक लाख एकाव्या भागाला दर किती? वॉरंटीचा खर्च कुणाचा आणि किती वर्षं? स्टील वाढलं तर दर कधीपासून वाढणार, मंजुरीच्या तारखेपासून की वाढीच्या? सहा महिन्यांत तू ऑफिसातली एकटी असशील जिने हे सगळे करार मुळातून वाचलेत. बाकीचे "तसं काहीतरी क्लॉज आहे" एवढंच म्हणतात. अगदीच परीक्षा द्यावीशी वाटली तर मुलगा पाचेक वर्षांचा झाल्यावर सीएमए नाहीतर मटेरियल्स मॅनेजमेंटचा डिप्लोमा बघ.

त्यातच एक गोष्ट: तुमची कंपनी उद्यम नोंदणीत (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत) सूक्ष्म किंवा लघु असेल तर वसुलीसाठी चांगलं हत्यार हाती आहे. ग्राहकाला पैसे द्यायला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. आयकरात ४३बी(एच) म्हणून आलेल्या तरतुदीमुळे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्या मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. मार्चमध्ये ग्राहकाच्या अकाउंट्सवाल्याला हे आठवण करून द्यायला एक मेल पुरते. मध्यम कंपनीला हे लागू नाही, म्हणून आधी प्रमाणपत्र बघ, मग मेल टाक.

पगाराचं. ग्राहक कमी घेतलेस म्हणून पगार कमी मान्य करू नकोस. रजेच्या वर्षाचं अप्रेझल कसं होणार ते एचआरला लेखी विचार. मी विचारलं नाही, आणि त्या वर्षी मला 'सरासरी' मिळालं. पुढची तीन वर्षं वाढ त्याच पायावर होत राहिली.

मी काय गमावलं तेही सांगते, नाहीतर हे सगळं गोडगोड वाटेल. २०१३ मध्ये मला चेन्नईच्या प्लांटचं कमर्शियल मिळत होतं. मोठी आठ वर्षांची, धाकटी तीन. नाही म्हटलं. माझ्याऐवजी गेलेला मुलगा माझ्या हाताखाली शिकलेला. आज तो माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर आहे. त्याचं वाईट वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. दिवाळीत त्याचा फोन येतो, आम्ही स्टीलच्या भावावर बोलतो. २०१८ला मला कमर्शियल मॅनेजर केलं, वयाच्या ४२व्या वर्षी. तुझ्या साहेबांच्या हिशेबाने उशीर. माझ्या हिशेबाने ठीक.

सोमवारी साहेबांकडे जाण्याआधी नवऱ्याशी बस आणि तारखांचं कॅलेंडर आधी भरून घे. साहेबांना 'हो' म्हणून आलीस आणि मग घरी ठरवायला गेलीस तर दोन्हीकडे तुझंच ऐकून घ्यावं लागेल. आणि आज रात्री एक छोटी गोष्ट कर: पाळणाघराच्या मावशींचा नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये आहे का बघ. आमच्या घरी तो पहिली चार वर्षं फक्त माझ्याच फोनमध्ये होता.